गॅरेजमधल्या खुर्चीचा जळफळाट

मित्रांनो, तुम्ही कधी एखाद्या सोफ्यावर जळला आहात का? मी जळले आहे, चांगली कोळसा होईपर्यंत.

मी अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या कोवाल्चिक कुटुंबाची जुनी तपकिरी आरामखुर्ची. बाजूचा दांडा ओढला की माझी पाठ मागे कलते आणि पाय ठेवायची फळी वर येते. म्हणजे यायला हवी. ती अडायची, आणि घरमालकीण लॉरेनने टाच मारल्यावरच उघडायची. खुर्च्यांच्या कारखान्यातून मला तिच्या नवऱ्याने, स्टॅनने, आणलं. तो गेल्यावर ती माझ्यावर बसू लागली. माझ्यावर बसूनच बटाटे सोलायची आणि नसलेल्या स्टॅनशी भांडायची.

यंदा तिला जिना चढवेना. मुलगी जनीनच्या घराजवळ एक छोटा फ्लॅट मिळाला होता, पण हे घर विकल्याशिवाय तो घेता येणार नव्हता. मला सोबत नेणार की नाही, ते कोणी बोलेना.

मग कर्टनी आली. गिऱ्हाइकांना आवडावं म्हणून घर सजवून देणं हा तिचा धंदा. तिने आधी भिंतीवरचे स्टॅनचे फोटो उतरवले. मग मला बघून नाक मुरडलं.

"लॉरेन, हिला कोबीचा वास येतो."

"कोबीचा नाही, घराचा," लॉरेन म्हणाली. तरी मी गॅरेजमध्ये गेलेच.

माझ्या जागी भाड्याचा पांढरा सोफा आला. काय त्याचा तोरा! कर्टनी त्याच्या उशा दिवसातून दहादा थोपटायची. माझी एक उशी कुणी थोपटली असेल तर शपथ! टेबलावर लिंबं मांडली, पण ती चिरायची नाहीत. वासासाठी ओव्हनमध्ये बिस्किटं भाजली, ती खायची नाहीत. आणि त्या महाराजांवर बसायचं नाही!

लोक घर बघायला यायचे तेव्हा घरमालकाने बाहेर जायचं, अशी इथली रीत. पण बाहेर बोचरी थंडी. लॉरेन गुपचूप गॅरेजमध्ये यायची, मला टाच मारायची आणि पाय पसरून बसायची. आतून आवाज यायचा, "अहाहा, काय सोफा आहे!" मी आतल्या आत धुमसायची.

एका रविवारी एक जोडपं आलं, सोबत नवऱ्याचे वडील अर्नी. जिना चढून दमले आणि वरच्या खोलीतल्या पलंगावर टेकले. आता तो पलंग म्हणजे काय, तर पुठ्ठ्याच्या खोक्यांवर हवेची गादी आणि वर महागडी चादर. कर्टनीचीच करामत. धडाम! खोकी चेपली आणि अर्नीबाबा जमिनीवर.

लॉरेन धावत आत गेली. मुलाने अर्नींना धरून खाली आणलं, तर कर्टनी मध्ये उभी. "सोफ्यावर नको, प्लीज! डाग पडला तर..."

"मग काय त्याची पूजा करायची?" लॉरेन कडाडली. "चला हो अर्नी. या घरात बसण्यासारखं एकच आहे, आणि ते गॅरेजमध्ये आहे."

ते बसले. त्यांनी दांडा ओढला. मित्रांनो, मी काय केलं माहीत आहे? कधी नव्हे ती फळी एका झटक्यात उघडली. बघ म्हटलं, पांढऱ्या!

"वा!" अर्नी म्हणाले. "पोरा, खरी खुर्ची म्हणतात ती ही."

दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला. घर घेतो, पण खुर्ची घरासोबत हवी. मी आनंदाने फुगले. तेवढ्यात लॉरेन जनीनला म्हणाली, "खुर्ची द्यायची नाही. नव्या घरात खिडकीपाशी तिची जागा ठरवून ठेवली आहे मी."

"आई, एका खुर्चीपायी गिऱ्हाईक घालवणार?"

लॉरेनने माझा दांडा पदरासारखा हाताने एकदा पुसला. मग म्हणाली, "त्या बिचाऱ्याचं कंबरडं आपल्याच घरात मोडलं. घेऊ दे."

सोफा ट्रकमधून पुढच्या घरी मिरवायला गेला. मला पुन्हा माझ्या जागी ठेवलं. अर्नी प्रेमाने बसतात, उशीही थोपटतात. पण लॉरेनच्या खिडकीपाशी आता कोणती खुर्ची असेल, या विचाराने मी जळते, सोफ्यावर जळले त्याच्या दुप्पट.

म्हणून मित्रांनो, एखादी जुनी वस्तू तुम्हाला हवी असेल, तर तिला ऐकू जाईल असं सांगा. आणि वेळेवर सांगा. माझी फळी आता पुन्हा अडते. अर्नी हळूच दांडा हलवतात, तेल घालतात, पण टाच काही कोणी मारत नाही.