कच्चा दोरा

"पडदा छान झालाय," पोस्टमन म्हणाले.

त्या माणसानं आयुष्यभर घरोघरी पत्रं वाटली, वाईट बातमीसुद्धा हसतमुखानं हातात दिली असेल. त्यामुळे मी रागावले नाही. पण माझ्या सहा महिन्यांच्या गोधडीला ते पडदा म्हणत होते, आणि त्या गोधडीत मी होते.

ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत दर मंगळवारी दुपारी आमचा चित्रगोधडीचा वर्ग भरतो. ही गोधडी पांघरायची नाही, भिंतीवर लावायची. घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मग थंडी वाजली की भिंतीला टेकून बसायचं का?"

वर्गात सात बायका आणि हे निवृत्त पोस्टमन. शिकवणाऱ्या बाई माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "प्रत्येकानं आपलं काहीतरी सांगायचं. कापडातून." माझ्याकडे सांगण्यासारखं काय असणार? सव्वीस वर्षं मी लाँड्रीच्या मागच्या खोलीत लोकांच्या पँटी आखूड करते. कापलेल्या पट्ट्या मात्र कधी फेकल्या नाहीत. काळ्या, निळ्या, करड्या, तपकिरी अशा चार पिशव्या भरून पलंगाखाली पडल्या होत्या. त्याच जोडून मी माझी खोली केली. टांगलेल्या पँटींची रांग, मशीन, त्यावर मान टाकलेला दिवा. आणि मशीनपाशी बसलेली बाई. ती मात्र नुसत्या धावदोऱ्यानं काढलेली.

तिथंच सवय नडली. काळ्यावर काळा दोरा, करड्यावर करडा. प्रत्येक रीळ खिडकीशी नेऊन, उजेडात कापडाला लावून, अगदी तंतोतंत जुळवलं. हे काम माझ्याआधी सासूबाई करायच्या, आणि त्यांचा एकच धडा होता : टाका दिसला की काम फसलं. माझं काम इतकं साधलं, की बाईच नाहीशी झाली.

शिकवणाऱ्या बाई गोधडीला नाक लावून उभ्या राहिल्या. "अहो, इथे कुणीतरी बसलंय!"

"मीच आहे ती."

"मग लपलात कशाला?"

शनिवारी खालच्या दालनात प्रदर्शन होतं आणि दारासमोरची मोठी भिंत बाईंनी मला देऊ केली होती. आता त्या चाचरत म्हणाल्या, "ती भिंत दारातून दिसते हो. शनिवारपर्यंत बघा काही जमतंय का. नाहीच जमलं तर तिथे दुसऱ्या कुणाची लावू."

मी मान डोलावली. पण जाताना खालच्या दालनात थांबून ती भिंत पुन्हा पाहिली. मी कधी कुणाकडे काही मागितलं नाही, आणि त्या भिंतीची मात्र मला लहान पोरासारखी हाव सुटली होती.

बुधवारी दोन ओळी उसवून पाहिल्या. कापड झिजायला लागलं, तसा हात थांबवला. गुरुवारी दुकानात एक कोट आला होता. बाह्या आधी पिवळ्या दोऱ्यानं कच्च्या टाचल्या, मग पक्की शिवण घातली, आणि नेहमीसारखा तो पिवळा दोरा ओढून काढला. बोटाला गुंडाळला. टोपलीत टाकणार, तेवढ्यात हात अडला.

हा दोरा मुद्दाम भडक असतो. उपटायचाय ते विसरू नये म्हणून. कापड जागेवर धरून ठेवतो तो, आणि काम झालं की सगळ्यात आधी जातो तोही तोच.

दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही. त्या बाईच्या प्रत्येक रेषेवरून पिवळा दोरा घातला. लांब, ढोबळ, वाकडे टाके. सुरुवातीला हात चोरट्यासारखा चालला, मग सुटला.

शनिवारी सासूबाई काठी टेकत आल्या. गोधडी त्याच भिंतीवर होती. त्या थेट तिच्यापाशी गेल्या आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई, कच्चा दोरा काढायचा राहिला की तुझा! चार लोकांत हसं व्हायचं." आणि सवयीनं एक टोक चिमटीत धरलं.

मी त्यांचं मनगट पकडलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

"आई, सोडा. राहिला नाही तो. ठेवलाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. टोक सोडलं. काठी टेकत पार दारापर्यंत मागे गेल्या आणि तिथून बघत राहिल्या.

"अश्शीच बसतेस," शेवटी म्हणाल्या. "पाठीत पोक काढून. कितीदा सांगितलं, सरळ बस म्हणून." मग आवाज खाली आला. "मीही अशीच बसायचे."

तेवढ्यात पोस्टमन गोधडीजवळ गेले आणि बोट पुढे करून म्हणाले, "अरेच्चा, हा दोरा सुटलाय वाटतं."

"हात लावू नका!" दारातून काठी उगारली गेली. "ठेवलाय तो."