तुंबलेलं पाणी आणि पुतळाबाई

मित्रांनो, मी भांडी धुणारं यंत्र आहे. लोक मला डिशवॉशर म्हणतात. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळच्या एका फ्लॅटमध्ये, सिंकच्या शेजारी माझी जागा आहे. माझ्या दाराचा पांढरा रंग आता पिवळट झाला आहे. आज मी तुम्हाला माझ्या लाजेची गोष्ट सांगणार आहे.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून खोक्यात बंद होऊन मी दुकानात आलो आणि दुकानातून या घरात. घरात तीन माणसं. धनराज अंबडच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. त्याची बायको रोशनी शाळेत शिकवते. आणि धनराजची आई, पुतळाबाई. त्यांचं आयुष्य पिंपळगाव बसवंतला द्राक्षं निवडण्यात आणि पेट्या भरण्यात गेलं. साबणाच्या पाण्याने त्यांच्या हातांना भेगा पडत, म्हणून रोशनीने हट्टाने मला आणलं. पुतळाबाईंनी माझ्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि नारळ फोडला. त्या दिवशी मला केवढा मान वाटला म्हणून सांगू!

सुरुवातीला शेजारणी मला बघायला येत. पुढे माझं कौतुक सरलं, पण पुतळाबाईंचं लक्ष कधी सरलं नाही. खरकटं काढूनच त्या भांडी माझ्यात लावत. माझ्या तळाशी घाण अडवणारी एक जाळी आहे. ती त्या जुन्या ब्रशने रोज घासत.

मग तो रविवार आला. धनराजचे साहेब बायकोला घेऊन जेवायला आले होते. जेवणं झाली, भांडी लावली, मी सुरू झालो. पण घाण पाणी बाहेर टाकायची वेळ आली, तेव्हा ते जाईना! मी घुरघुरलो, जोर लावला, काही उपयोग झाला नाही. काय झालं ते बघायला पुतळाबाईंनी दार उघडलं, तसं आंबट वासाचं तेलकट पाणी फरशीवर आलं. साहेबांच्या बायकोने नाकाला पदर लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धनराज सगळ्यांसमोर ओरडला, "आई, किती वेळा सांगायचं? खरकटं काढून लावत जा! ही काय गावाकडची मोरी आहे?"

पुतळाबाईंनी फडकं घेतलं. खाली बसून त्या फरशी पुसू लागल्या. त्यांची चूक नव्हती हे मला ठाऊक होतं, पण यंत्राला तोंड कुठे असतं?

पाहुणे गेले. पुतळाबाई पिशवीत लुगडी भरू लागल्या. "मी जाते पिंपळगावला. तुमच्या घरात मला काय कळत नाय."

रोशनीने प्लंबरला फोन लावला. तो लग्नासाठी हरसूलला गेला होता. परवा येतो म्हणाला. "मग मीच बघते," म्हणत रोशनीने पदर खोचला. आधी तिने माझा प्लग काढला. खालचा ट्रे बाहेर घेतला. वाटीने पाणी उपसलं, उरलेलं जुन्या टॉवेलने टिपलं. मग जाळी फिरवून काढली आणि उजेडात धरली.

"अहो, इकडे या. ही बघा जाळी. शीतसुद्धा नाही हिच्यात."

धनराजने जाळी हातात घेऊन पाहिली. रोशनी सिंकखालच्या कपाटात वाकली. तिथे तेलाचा मोठा डबा होता. तो ओढला, तर मागे माझा घाण पाणी बाहेर नेणारा पाइप दाबून दुमडलेला! तिने खाली बादली धरून पाइप सोडवला. दुमडलेल्या जागी साचलेला तुपकट गोळा तारेने काढला आणि वरून गरम पाणी ओतलं. पाइप पुन्हा घट्ट बसवला, आणि सिंकचं पाणी उलटं माझ्यात येऊ नये म्हणून त्याचा मधला भाग उंच उचलून बांधला. मला सुरू केलं, तेव्हा पाणी खळखळत निघून गेलं.

"हा डबा इथे कोणी कोंबला?" रोशनीने विचारलं.

"मीच," धनराज म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. तो आईजवळ जाऊन बसला. "आई, चुकलो मी."

पुतळाबाईंनी पिशवीला गाठ मारली. "बोलला चार माणसांत, आन् चुकलो म्हणतो घरात व्हय?"

धनराजने खिशातून मोबाइल काढला. मग त्याने तिथेच साहेबांना फोन लावला. "साहेब, दुपारी मी आईला बोललो ना, ती चूक माझी होती. पाइपवर डबा मीच ठेवला होता. आई रोज मशीन साफ करते."

पुतळाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "आता राग नाय माझा. पण चार दिस जाऊन येते. मन लय दुखलंय रे."

दुसऱ्या दिवशी धनराज स्वतः त्यांना सोडून आला. पुतळाबाई अजून आल्या नाहीत. स्वयंपाकघरात त्यांच्या बांगड्यांचा आवाज नाही. माझ्यामुळे त्यांना खाली बसून घाण पुसावी लागली, या विचाराने मला आजही शरम वाटते.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची एवढीच विनंती आहे. आमची जाळी धुवा, पाइप मोकळा ठेवा. आणि आम्ही अडलो, तर आधी वाकून बघा. आमचा पाइप सरळ करता येतो. पण दुखावलेलं माणूस त्याच्या वेळेनेच घरी परत येतं, आणि तोवर वाट बघण्यावाचून काही करता येत नाही.