पहिलवानबाईंचे साठ ग्रॅम

मित्रांनो, मी लहान बाळांचा वजनकाटा. वयानं जुना असलो तरी खोटा नाही, असं मी आयुष्यभर समजत आलो. आता मात्र मला नक्की काही सांगता येत नाही. म्हणून तर ही हकिगत सांगायला बसलो आहे. ऐकता ऐकता तुमचा गोंधळ उडाला तर माझ्यावर रागावू नका, माझाही उडालेलाच आहे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. मला वर एक खोलगट ताट आहे. बाळाच्या पाठीला रुतू नयेत म्हणून त्याच्या कडा गोल वळवल्या आहेत. ताटाखाली लोखंडी दांडी, दांडीवर पाच-पाच ग्रॅमच्या बारीक रेघा आणि त्यांवरून पुढेमागे सरकणारं एक वजन. मला जुळवणारा कारागीर भलताच खडूस होता. त्यानं माझी दांडी सतरा वेळा उतरवली आणि सतरा वेळा चढवली. शेवटी ती अगदी आडवी, सरळ राहिली, तेव्हा तो शेजारच्याला म्हणाला की हा आता कुणाच्या बापाला भिणार नाही. मला ते फार आवडलं. ताटात असेल तेवढंच सांगायचं, असं मी त्या दिवशीच ठरवून टाकलं.

तिथून मी एका रुग्णालयात आलो. वेळेआधी जन्मलेली बाळं ठेवतात, त्या खोलीत मला जागा मिळाली. भिंतीला लागून काचेच्या उबदार पेट्या होत्या आणि पेट्यांत मुठीएवढ्या तोंडाची बाळं. रोज सकाळी दहा वाजता मोठ्या सिस्टर एकेकाला माझ्यावर ठेवत. उघड्या अंगानं ही बाळं गारठतात, म्हणून दुपट्यात गुंडाळूनच ठेवत. दुपट्याचं वजन आधी करून ठेवलेलं असे, ते वजा करायचं की झालं; पुढे मी सांगतो ते आकडे अशी वजाबाकी केलेलेच. सिस्टरांनी चाळीस वर्षं हे काम केलं होतं. त्या मला रोज स्वच्छ पुसत आणि म्हणत, आमच्या खोलीत खोटं न बोलणारा हा एकटाच. माझी छाती फुगायची, म्हणजे छाती असती तर फुगली असती.

आया माझ्याकडे कशा बघायच्या, ते तुम्हाला कसं सांगू? परीक्षेच्या निकालाकडेही कुणी तसं बघत नसेल.

त्यांच्यात एक आई होती. तिच्याजवळ एक वही असे. बाळानं दूध किती घेतलं, शी किती वेळा केली, कुठल्या कुशीवर किती वेळ झोपलं, सगळं त्या वहीत. सिस्टर तिला गमतीनं हेडक्लार्क म्हणायच्या. तिची मुलगी त्या खोलीतलं सगळ्यांत लहान बाळ होती, म्हणून सिस्टरांनी तिचं नाव ठेवलं पहिलवानबाई. पहिलवानबाईंचं वजन होतं एक हजार चारशे वीस ग्रॅम. सहा दिवस ते तिथेच अडून बसलं होतं. माझ्या दांडीवरचं वजन रोज त्याच रेघेवर थांबे. आई रोज माझ्यासमोर डोळे मिटून पुटपुटायची, “देवबापा, वीस ग्रॅम. जास्त नको.” मग डोळे उघडून बघायची. तीच रेघ.

मी काय करणार? ताटात होतं तेवढं सांगत होतो.

सातव्या दिवशी, रविवारी, उपासना आटोपून त्यांच्या चर्चच्या मंडळीचे पाळकसाहेब भेटायला आले. प्रार्थना झाली. मग ते हळू आवाजात तिला समजावू लागले, की दुःखात माणूस टिकून राहायला शिकतो, टिकता टिकता त्याचं शील घडतं आणि त्यातूनच आशा उगवते. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मला शील नको, पाळकसाहेब. मला वीस ग्रॅम हवेत.”

तिच्या सासूबाई पाठीमागेच उभ्या होत्या, त्यांनी तोंडावर पदर धरला. पाळकसाहेब मात्र चिडले नाहीत. म्हणाले, “बरोबर आहे. मलाही नकोच असतं. ते कुणाला विचारून मिळत नाही.”

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी घरून एक नवं दुपटं शिवून आणलं. पांढरं, चांगलं जाड आणि कोपऱ्यांत कापूस भरलेलं. सिस्टरांनी ते वरवर चाचपून पाहिलं, ऊब बरी राहील म्हणाल्या आणि पहिलवानबाईंना त्यात गुंडाळून माझ्यावर ठेवलं. सरकतं वजन नेहमीच्या रेघेपाशी आलं, पण दांडी काही आडवी होईना. सिस्टरांनी ते पुढे सरकवलं. आणखी पुढे. एक हजार चारशे ऐंशी.

साठ ग्रॅम. एका दिवसात.

आई आधी माझ्याकडे आणि मग सिस्टरांकडे बघत राहिली. मग तिला रडू फुटलं. सासूबाईंनी दाराच्या काचेपलीकडून हात जोडले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या तोंडून मंडळीतल्या घराघरांत कळलं की चमत्कार झाला. मीही खूश होतो. एवढी चांगली बातमी मी फार दिवसांनी दिली होती.

मंगळवारी ऐंशीच. बुधवारी पंच्याहत्तर. डॉक्टरीणबाईंनी आकडे पाहिले. बाळानं चांगलीच उडी मारली, पाच इकडेतिकडे व्हायचेच, असं त्या म्हणाल्या. वाढ होते आहे म्हटल्यावर दूध वाढवायचं आणि त्याचा कस वाढवणारं औषध त्यात घालायचं, हे ठरलेलं काम त्यांनी पुढे ढकललं. त्या खोलीचा नियम होता, की साडेचौदाशेच्या वर गेलेलं बाळ तीन दिवस तिथे टिकलं की त्याची नाकातून दूध देणारी नळी काढायची, त्याला पेटीबाहेर घ्यायचं आणि आईच्या खोलीत द्यायचं. गुरुवारी वजन झालं की पहिलवानबाई पेटीबाहेर पडणार होत्या.

गुरुवारी सकाळी सिस्टर म्हणाल्या, आज तूच गुंडाळ तिला, उद्यापासून तुलाच करायचं आहे. आईनं पहिल्यांदाच ते दुपटं हातात घेतलं. एक कोपरा दुमडताना ती थबकली. तिनं तो दोन बोटांनी दाबून पाहिला, पुन्हा पाहिला. तरी बाळाला गुंडाळलं आणि आणून माझ्यावर ठेवलं.

ठेवून तिनं हात काढले नाहीत. तिचे दोन्ही हात माझ्या ताटाच्या कडेला टेकलेले राहिले. त्यांचा भार पडून माझी दांडी स्थिर होईना. सिस्टर म्हणाल्या, अगं, हात काढ, नाहीतर तुझंच वजन करशील. तिनं हात काढले. चौदाशे पंच्याहत्तर. सिस्टरांनी लिहायला पेन उघडलं.

“सिस्टर, थांबा,” ती म्हणाली. “हे वजन तिचं नाही.”

कोपऱ्याची शिवण उसवली. आतून कापूस निघाला आणि कापसातून तळव्यात मावेल असा पितळी क्रूस. सासूबाईंनी तो नातीजवळ सतत असावा म्हणून शिवला होता. वजनाचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. सिस्टरांनी दुपटं ते दुपटं असं धरून नव्या दुपट्याचं वजन नेहमीइतकंच मानलं होतं. क्रूस आणि जास्तीचा कापूस मिळून बरोबर साठ ग्रॅम. पहिलवानबाईंना साध्या दुपट्यात पुन्हा ठेवलं. चौदाशे पंधरा.

म्हणजे बाळ वाढलं तर नव्हतंच, उलट पाच ग्रॅमनं घटलं होतं. आणि तीन दिवस सगळ्यांनी आनंद केला होता.

मित्रांनो, माझा गोंधळ इथून सुरू झाला. मी खोटं बोललो होतो का? ताटात होतं तेवढंच मी सांगितलं होतं. तरी ते खोटं निघालं. आणि ती आई? गप्प राहिली असती तर त्याच दिवशी बाळ तिच्या कुशीत आलं असतं. रोज वीस ग्रॅम मागणारी ती, हातात आलेले साठ ग्रॅम तिनं परत केले. का? मी तेव्हाही विचार करत होतो आणि आजही करतो आहे.

सिस्टर खुर्चीवर बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना मी वजनाच्या वेळी बसलेलं पाहिलं नव्हतं. चूक माझी, दुपटं मी तोलायला हवं होतं, असं त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं आणि तसं कागदावर लिहूनही दिलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग दूध वाढवलं, औषध सुरू केलं, नळी तशीच ठेवली. आणखी दोन दिवस हे असंच चाललं असतं तर अवघड झालं असतं, एवढंच त्या बोलल्या. सासूबाई दाराशी आल्या. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मला वाटलं, आता सून बोलणार. सुनेनं क्रूस आपल्या रुमालात गुंडाळून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, “आई, हा तुमच्याजवळच ठेवा. तिला मी धरते.”

पुढच्या रविवारी सासूबाई भर उपासनेत उभ्या राहिल्या आणि मंडळीसमोर म्हणाल्या, की मी सांगितलेला चमत्कार देवाचा नव्हता, माझ्याच सुईदोऱ्याचा होता. हे मला सिस्टरांकडून कळलं. त्या ते दुसऱ्या सिस्टरांना सांगत होत्या आणि सांगताना माझं ताट एकाच जागी पुसत होत्या.

त्यानंतरचे दिवस मला अजिबात समजले नाहीत. दांडी चौदाशे पंधरावरच. दुसऱ्या दिवशी पंधरा. तिसऱ्या दिवशी दहा. चौथ्या दिवशी पुन्हा पंधरा. आईनं वही लिहिणं सोडलं नाही, पण माझ्यासमोर उभं राहून ग्रॅम मागणं सोडलं. आता ती नुसतं म्हणे, “देवबापा, आम्ही इथेच आहोत.” पाचव्या दिवशी वजन झाल्यावर ती बाळाला पेटीत ठेवताना काहीतरी गुणगुणत होती. मी चक्रावलो. रेघ हललेली नव्हती. गुणगुणण्यासारखं झालं तरी काय होतं? आकड्याशिवाय माणूस कशावर उभा राहतो, हे माझ्या दांडीवर कुठेच लिहिलेलं नाही.

खिडकीजवळच्या पेटीत एका दुसऱ्या बाईचं बाळ होतं. त्याचं वजन छान वाढत होतं. तीही प्रार्थना करायची, त्याच देवाची, जवळजवळ त्याच शब्दांत. दोघी बाकावर शेजारी बसत. ती बाई विनोदी होती. म्हणायची, माझा मुलगा आणि तुझी मुलगी शाळेत एका बाकावर बसतील आणि तुझी त्याला मारेल, नावच पहिलवान. सहाव्या दिवशी तिच्या बाळाला ताप आला. सातव्या दिवशी ती पेटी रिकामी होती.

एका पेटीतलं बाळ वाढत नव्हतं तरी राहिलं. दुसरीतलं वाढत होतं आणि गेलं. मी दोघांनाही तोललं होतं, दोघांचाही आकडा खरा सांगितला होता. त्या आकड्यांतून मला यातलं काहीच आधी दिसलं नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी दहा वाजता सिस्टरांनी सरकतं वजन एक रेघ पुढे नेलं. दांडी आडवी झाली. चौदाशे वीस. सिस्टरांनी दुपटं पुन्हा तोललं, बाळाला पुन्हा ठेवलं. वीसच. कालच्यापेक्षा पाच ग्रॅम जास्त, म्हणजे इतक्या दिवसांनी पहिलवानबाई कुठे पहिल्या जागी परतल्या होत्या. आई हसणार, तेवढ्यात दारातून खिडकीजवळच्या पेटीची ती बाई आत आली. बाळाची टोपी आणि मोजे राहिले होते, ते न्यायला. आईनं पटकन वही मिटली आणि पाठीमागे धरली.

त्या बाईनं टोपी घडी करून पिशवीत ठेवली. मग विचारलं, “किती झालं तुझीचं?”

आईनं पाठीमागची वही पुढे घेतली. ती अगदी हळू म्हणाली, “पाच वाढले.”

“खरे?”

“खरे. दोनदा तोलले.”

ती बाई पेटीपाशी गेली. काचेला कपाळ टेकून उभी राहिली. मग म्हणाली, “शाब्बास गं पहिलवान.” आणि तिथेच खाली बसली. आई तिच्याजवळ फरशीवर बसली. दोघी रडत होत्या, पण एकच रडत होत्या की वेगवेगळं, हे मला सांगता यायचं नाही. जिचे हात रिकामे होते, तिला दुसरीच्या पाच ग्रॅमचा आनंद झाला होता. तो खरा होता. मी काटा आहे, मला खरं-खोटं कळतं. पण तो आला कुठून आणि त्याचं वजन किती, हे मला आजतागायत जुळवता आलेलं नाही. पाळकसाहेब ज्या शीलाबद्दल बोलत होते, ते हेच असेल का? असेल, तर ते माझ्या ताटात कधीच कुणी ठेवलं नाही.

आणखी तीन आठवड्यांनी पहिलवानबाई घरी गेल्या. त्या दिवशी त्यांनी माझं ताट ओलं केलं, तेवढाच आमचा निरोप.

आता खोलीत नवा काटा आला आहे. तो लाल आकडे दाखवतो आणि दुपट्याचं वजन आपलं आपण वजा करतो. मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या. मला सामानाच्या खोलीत ठेवलं आहे आणि माझ्या ताटात हातमोज्यांची खोकी रचली आहेत. ती किती भरतात, हे मला कुणी विचारत नाही. तक्रार नाही. पण अंगावर धूळ बसली की दांडी जड होते आणि विचार पुढे सरकत नाही.

म्हणून एक मागणं आहे. मित्रांनो, तुमच्या ओळखीत कुणाचं काही वाढत नसेल, गुण असोत, उंची असो की घरातल्या आजाऱ्याची तब्येत, तर त्यांना सोडून जाऊ नका. समजावता आलं नाही तरी चालेल, शेजारी फरशीवर बसा. आणि मोठेपणी कधी तुम्हाला उमगलं, की काही नसताना माणसं कशाच्या जोरावर थांबतात, तर येऊन मलाही सांगा. तळमजल्यावर, जिन्याखालचं दार. खोकी आडवी येतात म्हणून ते पुरतं लागत नाही, नुसतं ढकललं तरी उघडतं.