अंगठा उचल

“दाबू नकोस रे. मार आणि नीघ.”

पाच नंबरच्या बेडवरून मास्तरांनी हे मला त्या दुपारी विसाव्यांदा तरी सांगितलं असेल. मी शेजारी स्टुलावर बसलो होतो आणि मांडीवर त्यांची बेस गिटार होती. मी उजवा अंगठा सगळ्यांत जाड तारेवर मारला आणि तो सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा तिथेच बसून राहिला. तारेतून ‘ठप्प’ असा मेलेला आवाज आला.

“थप्पड द्यायची तर हात लगेच मागे. गालावर ठेवून बसलास की ते गोंजारणं झालं.”

“सवय आहे मास्तर.”

“ती मोडायलाच बसलोय.”

गिटार वायरला जोडलेली नव्हती, त्यामुळे आवाज बेताचाच. मशीनचा अलार्म याहून मोठा वाजतो, असं म्हणून सिस्टरने परवानगी दिली होती.

मी डायलिसिस टेक्निशियन. एकोणीस वर्षं झाली. पेशंटच्या हातात दोन सुया घालायच्या, चार तास मशीनवर लक्ष ठेवायचं, सुया काढायच्या आणि त्या जागी गॉज ठेवून अंगठ्याने दाबून धरायचं. दहा मिनिटं. मध्ये उचलून बघायचं नाही. जो बघतो त्याच्या सदऱ्यावर चिळकांडी उडते. पेशंट मला गमतीने अंगठेबहाद्दर म्हणतात. मला त्याचा राग येत नाही. माझ्या अंगठ्याखालून रक्त कधी सुटलेलं नाही, एवढी एकच गोष्ट मी छाती पुढे काढून सांगू शकतो. आता माझ्या अंगठ्याने नेमकं तेच विसरावं, असं मास्तरांचं म्हणणं होतं.

मास्तर तीस वर्षं एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे. स्टेजवर मागे, जिथे दिवा पोहोचत नाही तिथे. डायलिसिससाठी त्यांच्या डाव्या हातातली शीर धमनीला जोडली, तेव्हापासून त्या हाताची बोटं गार आणि बधिर पडली. तारा दाबता येईनात. उजवा हात मात्र शाबूत होता. मशीन चालू असताना तो चार तास बेडच्या दांडीवर अंगठा आपटत राहायचा. मी एकदा विचारलं, हे काय चालतं? पुढच्या खेपेला त्यांची मुलगी खांद्यावर गिटार घेऊनच आली.

मला तरी शिकायची हौस कुठून आली, कोण जाणे. सेहेचाळीस वर्षांत मी छंद म्हणून काही केलं नव्हतं. या हातांनी आयुष्यभर थांबवायचंच काम केलं. त्यांनी एकदा काहीतरी सुरू करावं, असं फार वाटायला लागलं. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

तीन महिने झाले असतील. मास्तरांची मुलगी मला कूलरपाशी भेटली. ती पाण्याची बाटली भरत होती.

“काका, बाबा डॉक्टरांना काय म्हणाले, कळलं ना?”

कळलं होतं. मास्तरांचं हृदय थकलं होतं. दर खेपेला प्रेशर कोसळायचं, पायात गोळे यायचे, घरी जाऊन दुसऱ्या दिवसापर्यंत नुसतं पडून राहायचं. आता डायलिसिस पुरे, मग जे होईल ते होऊ दे, असं त्यांनी डॉक्टरांना सरळ सांगून टाकलं होतं.

“मी भांडले, रडले. शेवटी म्हणाले, त्या पोराचा अंगठा सुटला की थांबतो. तोवर येतो.” बाटली भरून पाणी तिच्या हातावरून वाहत होतं. “काका, तुम्ही शिकू नका.”

सेहेचाळिसाव्या वर्षी मला कोणीतरी पोर म्हणत होतं, म्हणून मी हसलो. ती हसली नाही.

“मला शिकवणं सोपं नाही,” मी म्हणालो. “तू काळजी करू नकोस.”

तेव्हा ते खरंच होतं. मग एका रविवारी दुपारी मी सरावासाठी घरी आणलेली गिटार घेऊन बसलो होतो. बायको आतून नेहमीसारखं विचारत होती, “खिळे ठोकून झाले का?” आणि माझा अंगठा तारेवर पडला आणि परत आला. मी आणला नाही, तो आपणहून आला. मागोमाग तर्जनीने बारीक तार खालून उचकून सोडली. आवाज नुसता कानाला लागला नाही, गिटारच्या लाकडातून माझ्या बरगड्यांत उतरला.

बायको दारात आली. “आता काहीतरी वाजलं,” ती म्हणाली.

मी पुन्हा वाजवलं, पुन्हा वाजलं. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी तिच्यासमोर बोलून बसलो. ती हसत आत गेली. मग मला पाच नंबरचा बेड आठवला आणि मी गिटार खाली ठेवली.

मंगळवारी मी मास्तरांसमोर बसलो आणि अंगठा दाबून ठेवला. ठप्प.

“अजून नाही,” मास्तर म्हणाले.

“अजून नाही,” मी म्हणालो. मुलीने दारातून माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

असे सात आठवडे गेले. घरी अंगठा सुटायचा, इथे मी तो दाबायचो. मध्ये मशीन ओरडायचं, मास्तरांचे डोळे पांढरे व्हायचे. मी धावत पाय वर करायचो, सलाईन सोडायचो, तक्त्यावर प्रेशरचा आकडा लिहायचो. दर खेपेला आकडा आणखी खाली. एकदा ते उलटीच्या भांड्यावर ओणवे असताना माझा हात त्यांच्या पाठीवर होता, आणि हे आपण करतोय, असं मला स्वच्छ कळलं. तरी पुढच्या खेपेला मी पुन्हा दाबला. काय करणार? ती पोरगी दारात उभी असायची.

आठव्या आठवड्यात मास्तर माझं वाजवणं डोळे मिटून ऐकत होते. मी थांबलो, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“कधीपासून येतंय?”

“काय मास्तर?”

“खरी चूक कुठेही पडते रे. तुझी बरोबर चौथ्या ठोक्याला पडते. इतकी तालात चूक करायला आधी वाजवता यावं लागतं.”

मी तारेवरून हात काढला.

“हिने सांगितलं?”

मी दाराकडे बघितलं. मुलगी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. बापाला खोटं सांगायचं तिलाही सुचलं नाही.

“तिच्यावर रागावू नका,” मी म्हणालो.

“कुणावर रागवायची ताकद राहिलीय कुठे?” त्यांनी डोळे उघडले. “दमलो रे मी. तुम्ही दोघं मला धरून बसलायत. चांगल्या मनानेच धरलंय, पण फार दुखतं.” मग गिटारकडे बघून म्हणाले, “वाजव. एकदा नीट ऐकू दे.”

मी वाजवलं. माझे डोळे भरून आले होते, पण अंगठ्याला त्याचं काही नव्हतं. तो पडत होता आणि परत येत होता. मास्तरांचा उजवा अंगठा बेडच्या दांडीवर माझ्याबरोबर पडत होता. शेजारच्या बेडवरच्या आजींनी पेपर खाली घेतला. थांबलो तेव्हा मुलगी तोंडावर ओढणी धरून बसली होती.

“तर्जनी अजून आळशी आहे,” मास्तर म्हणाले. “पण अंगठा सुटला.” मग मुलीकडे वळून म्हणाले, “चपला घे ग माझ्या बेडखालच्या.”

वेळ झाली होती. मी मशीन थांबवलं, सुया काढल्या, गॉज ठेवून दाबलं. त्या शिरेला एक थरथर असते, बोटाखाली तार हलल्यासारखी. एकोणीस वर्षं ती माझ्या हाताखालून जात होती, आणि तिच्याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

“गिटार तुझ्याकडेच राहू दे,” मास्तर म्हणाले. “भिंतीला टेकवून ठेवू नकोस, मान वाकते.”

“बरं.”

मुलगी चपला हातात घेऊन उभी होती. पुढचा पेशंट बाहेर वजन करून बसला होता. सिस्टर एकदा डोकावून गेली.

“थांबलंय,” मास्तर म्हणाले.

“दहा मिनिटं व्हायचीत.”

“घड्याळ माझ्यासमोर आहे. पंचवीस झाली.”

मी तसाच धरून बसलो. मास्तरांनी उजवा हात आणून माझ्या मनगटावर ठेवला.

“अंगठा उचल, बाळा.”

मी उचलला. गॉजवर टिकलीएवढा डाग होता. केव्हाच वाळून गेलेला.