रंभाबाईंच्या जुडग्यातला वायसर

मित्रांनो, मी स्टीलचा एक जुना वायसर आहे. नट आणि पत्र्याच्या मधे बसते ती गोल चकती म्हणजे मी. दिसतो रुपयाएवढा, पण मधे भोक असल्यामुळे दुकानदार मला घेत नाही आणि देव्हाऱ्यातही कोणी ठेवत नाही.

कारखान्यात प्रेसचा एक दणका बसला आणि माझा जन्म झाला. मग बुऱ्हाणपुरात, बुधवाऱ्याच्या बाजारातल्या दुकानात दोन वर्षं बरणीत काढली. तिथून फिटर रितेशनं मला लोधीपुऱ्यात, रंभाबाईंच्या गच्चीवर आणलं. सोलर बसत होतं. पॅनेलची चौकट ॲल्युमिनियमची, अर्थिंगची तार तांब्याची. ही दोघं ओल्यात एकमेकांना चिकटली की ॲल्युमिनियम झिजतं. दोन जावांच्या मधे भिंत बरी असते ना, ती भिंत मी.

रितेश मला बसवणार, तोच रंभाबाई सोवळ्यात वर आल्या. हातात तांब्याचा लोटा.

"हे काय घालतोस रे मधात?"

"वायसर आहे आजी. स्टीलचा."

"म्हंजे लोखंडच ना! सूर्यनारायणाच्या कामात लोखंड? तांबं लाव सरळ. तांबं पवित्र राहते."

रितेशच्या तोंडात मावा जलेबी होती, तीही आजींनीच दिलेली. बुऱ्हाणपुरात कोणी जलेबी चघळत वाद घालत नाही. त्यानं तार सरळ चौकटीवर आवळली. मला आजींनी कमरेच्या जुडग्यात ओवलं. जुडग्यातल्या किल्ल्या लोखंडाच्याच होत्या, पण किल्ल्यांना सोवळं लागत नाही.

मग रोज सकाळी आजी त्याच जोडावर अर्घ्य सोडायला लागल्या. तांबं तिथंच होतं ना! वर्षभरात तिथं पांढरी पूड जमली.

"अंगारा!" शेजारच्या शारदाबाई म्हणाल्या. दोघींनी कपाळाला लावला.

पुढे उंदरानं पॅनेलची केबल कुरतडली. आता चौकटीला हात लावला की बोटांना झिणझिण्या यायच्या. आजींनी वाकून हात लावला, की करंट मला सगळ्यात आधी कळायचा. जिथं बसायचं ती जागा माझ्यापासून चार बोटांवर, आणि मी कमरेला लोंबकळतोय. शारदाबाईंचा गुडघा त्या झिणझिण्यांनी बरा झाला म्हणे. मग काय, गल्लीतल्या बायका जिन्यावर रांगेत. ठरलं असं, की रथसप्तमीला सगळ्यांनी न्हाऊन, ओल्या केसांनी यायचं आणि दोन्ही हात लावायचे.

आदल्या सकाळी आजींना असा झटका बसला, की लोटा उडून शेजारच्या उखर्डूभाऊंच्या अंगणात, ताकाच्या पातेल्यात पडला. दुपारी तो सापडला तोवर ताक तांब्यानं कळकून हिरवट झालं होतं.

"रंभाबाई, अर्घ्य सूर्याले देता का मले?" उखर्डूभाऊ भिंतीवरून ओरडले.

आजींचा हात कोपरापर्यंत बधिर होता. सून पूर्णिमानं दुसऱ्या फिटरला, नीलेशला फोन करून ताकापर्यंत सगळं सांगितलं.

रथसप्तमीला सकाळी नीलेशनं आधी मेन स्विच पाडला. केबल बदलली. मग जोड उघडला आणि हसायलाच लागला.

"आजी, ये अंगारा नहीं है. तुमचं ॲल्युमिनियम आहे. उखर्डूकाकांचं ताक तांब्यानं कळकलं ना, तशी ही चौकट कळकली. पातेल्याले कल्हई का करता तुम्ही?"

"कळकू नये म्हणून," आजी हळूच म्हणाल्या.

"बस, तेच! जोडच खाल्ला गेला. करंटला जमिनीत जायला रस्ता नाही, मग तो तुमच्यातून जातो."

त्यानं पूड घासून काढली, कल्हई केलेलं नवं टोक तारेला लावलं आणि खिसे चाचपले. "अरे यार! स्टीलचा वायसर पाहिजे. बुधवाऱ्यातून आणतो, अर्धा तास."

तेवढ्यात जिन्यावरून शारदाबाईंचा आवाज आला, "रंभा, सूर्य वर आला ना! आम्ही केव्हाच्या ओल्या उभ्या आहोत!"

आजींनी जिन्याकडं पाहिलं. अख्खी गल्ली त्यांच्या दारी रांगेत उभी होती, आणि झिणझिण्या गेल्या की ही रांगही जाणार होती. मग त्यांनी जुडगा सोडला. किल्ल्या गच्चीभर सांडल्या. "हा घे. रितेशचा आहे. मीच काढला होता."

नीलेशनं मला बसवून नट आवळला आणि मीटर लावून पाहिलं. मगच बायका वर आल्या. सगळ्यांनी हात लावले.

"काहीच नाही झालं!" शारदाबाई म्हणाल्या. "देव रुसला का ग?"

"देव वर आहे, तिथंच," आजी म्हणाल्या. "खाली नुसती वायर होती."

दुसऱ्या दिवसापासून जिना रिकामा. अर्घ्य आता तुळशीत जातं. शारदाबाईंचा गुडघा पुन्हा दुखतो.

मित्रांनो, गच्चीवर चमत्कार व्हायला लागला, तर नारळाआधी फिटर आणा. आणि दोन धातूंच्या मधल्या चकतीला लोखंड म्हणून हाकलू नका. माझ्याकडं आता कोणी बघत नाही. फक्त दर रथसप्तमीला रंभाबाई चष्मा लावून वाकतात, पांढरं काही दिसतं का बघतात आणि म्हणतात, "काहीच नाही."

एवढं कौतुक मला वर्षभर पुरतं.