बोटी कोणाच्या?

मी बारोंग बोलतोय. सदरा म्हणालात तरी चालेल, पण साधासुधा समजू नका. अननसाच्या पानांतून उपसलेल्या धाग्यांनी आमच्या बेटांवरच्या कालिबो गावच्या पुरिंगआजीनं मला विणलंय. तिचे डोळे त्यात गेले. म्हणून माझा तोरा आहे, आणि राहणार!

हर्मोजेनेस इस्तुरिसनं मला घेतलं तेव्हा तो बोटीवाला होता. त्याच्या तीन मोठ्या बोटी बेटाबेटांतून माणसं, डुकरं, तांदळाची पोती वाहायच्या. तेव्हा माझ्या बाह्यांना सुक्या मासळीचा वास यायचा. मला लाज नव्हती त्याची. मग तो खासदार झाला, आणि मला कपाटात श्वास घ्यायची सवड उरली नाही.

त्याला बंदरांच्या समितीचं अध्यक्षपद मिळालं. पहिला कायदा कोणता आणावा? धक्क्याला फक्त मोठ्या बोटी लागतील. छोट्या होडीवाल्यांनी लांब चिखलात उतारू उतरवावेत. ओरड झाली. हा म्हणाला, "माझा काय संबंध? बोटी मी कधीच विकल्या. मालक नेस्टोर आहे."

विकल्या म्हणे! नेस्टोर त्याच्याच बोटीवरचा तांडेल, चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप. सही कर म्हटलं, त्यानं केली. बाप्तिस्म्याला हर्मोनंच त्याला हातावर धरलं होतं. तो त्याचा निनोंग, धर्मबाप. धर्मबापाला 'आधी कागद वाचून दाखवा' असं कोण म्हणतं?

परवा समितीनं नेस्टोरला साक्षीला बोलावलं. विरोधी पक्षाच्या रेमेदिओसबाईंनी विचारलं, "अध्यक्षांशी तुमचं नातं?"

"काही नाही, बाई." पढवलं होतं तसं बोलला बिचारा.

निभावलं होतं सगळं. पण जाताना तो खुर्चीजवळून गेला, आणि हर्मोचा हात आपसूक पुढे झाला. नेस्टोरनं वाकून तो कपाळाला लावला. "येतो, निनोंग."

"देव भलं करो, पोरा." हाही बोलून गेला!

वडीलधाऱ्याचा हात कपाळाला न लावता पुढं जाणं आमच्याकडं कुणाला जमलंय? माझी बाही त्या घामेजल्या कपाळाला घासली.

"काय हो अध्यक्षमहाराज," रेमेदिओसबाई खुदकन हसल्या, "नातं नसलेल्यांनाही आशीर्वाद? मग इकडंही द्या की एक!"

सारे हसले. नेस्टोर तेवढा रडवेला झाला.

आज हर्मोची चौकशी आहे. आम्ही बाहेर बाकावर बसलोय. वकील कानाशी लागलाय, "साहेब, बोटी नेस्टोरच्याच म्हणा. नातं त्यानं लपवलं, खोटं तो बोलला. तुरुंगात गेला तर तो जाईल."

समोर नेस्टोर उभा. हातात केळीच्या पानात बांधलेला गोड भात. "निनोंग, सकाळपासून काही खाल्लंत का? बायकोनं दिलंय."

हर्मो मान वर करत नाही. माझी गळपट्टी ओढतो, सोडतो, पुन्हा ओढतो. पाठ भिजून मी चिकटलोय. अरे, किती चुळबुळ करशील? मला ओढून श्वास मोकळा होणार आहे का?

खुर्ची जाईल. जाऊ दे. तिच्याआधी जगलास ना? 'बोटी माझ्या' एवढंच म्हण. दोनच शब्द.

नाव पुकारलं. उठलास? थांब. आधी त्या पोराच्या डोळ्यांत बघ, मग आत जा.