महिपतच्या डोळ्यातला लाल ठिपका

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. पण चंद्र-तारे पाहणारी नव्हे हं! माझी मजल माणसाच्या बुबुळातून आत, डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत. माझ्या मुठीत सेल, डोक्यावर इवलंसं भिंग. तिथे काय दिसतं सांगू? शेंदरी पडदा, त्यावर पसरलेल्या केसांसारख्या रक्तवाहिन्या आणि त्या जिथून फुटतात ते डोळ्याच्या नसेचं फिकट, गोल टोक. माणसाला दिसतं ते या नसेच्या जोरावर.

मी घडले विलायतेत. स्वातंत्र्यानंतर दोन-चार वर्षांनी ठाण्याला डॉक्टर सुमतीबाईंच्या दवाखान्यात आले. बाई मला मऊ फडक्याने पुसत आणि म्हणत, "ही नसती तर मीच आंधळी." मग काय, मी मुठीत मावेनाशी होई!

एका हिवाळ्यात खाडीकाठच्या मिठागरातला महिपत आला. स्वतःहून नव्हे, बायकोने, रखमाबाईने, ओढून आणला होता. मिठागराच्या अरुंद बांधावरून त्याचा पाय सारखा घसरायचा. सोबतचे म्हणायचे, याला सकाळीच ताडी चढते. बिचारा ताडीला शिवतही नव्हता.

"बाय, मिठाची चमक लागलीय, दुसरा काय नाय," तो म्हणाला. "समोरचा तर सगला दिसतंय."

बाईंनी मला त्याच्या डोळ्याशी धरलं. नसेच्या अगदी कडेला रक्ताचा एक लाल ठिपका होता, झाडूच्या काडीने ओढल्यासारखा. वाहिन्याही एका अंगाला सरकल्या होत्या. बाईंनी मला खाली ठेवलं.

"महिपत, हा काचबिंदू आहे. समोरचं दिसतंय, पण बाजूचं जात चाललंय, म्हणून पाय घसरतो. आजपासून थेंब घाल आणि मुंबईला जाऊन ऑपरेशन करून घे."

"माजे बापसाचा डोला पिकल्यावर काढला, ना लख दिसाला लागला. माजा बी पिकू दे."

"अरे, तो मोतीबिंदू! हा पिकत नसतो. हा नुसती नजर नेतो."

महिपत हसला. त्याच्या गावात सगळेच डोळा पिकायची वाट पाहत. मोतीबिंदूची ती रीत बरोबरच होती, पण त्याने ती भलत्याच दुखण्याला लावली. थेंब घातले की तासभर अंधुक दिसे. मिठाच्या हंगामात ते कसं चालावं? बाटली फळीवर गेली ती गेलीच. रखमाबाईने विनवण्या केल्या, पण पालथ्या घड्यावर पाणी.

दोन हंगाम उलटल्यावर ती त्याला हाताला धरून घेऊन आली. बाईंनी पुन्हा मला उचललं. लाल ठिपका विरला होता आणि क्षणभर मला आनंद झाला, वेडीच मी! जिथे ठिपका होता तिथली कड खचली होती. रक्तवाहिन्या त्या खड्ड्यात वाकून उतरत होत्या आणि नस पांढरीफटक पडली होती. दुसऱ्या डोळ्यातही तेच.

महिपतने मोठ्या आशेने विचारलं, "आता पिकला ना, बाय? काढ मग."

सुमतीबाईंनी मला टेबलावर ठेवलं आणि त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "महिपत, काढण्यासारखं त्यात काही नाही रे." रखमाबाई भिंतीला टेकून खाली बसली. महिपत मात्र बाईंच्या आवाजाच्या दिशेला मान करून हसतच राहिला, कारण त्याला अजून समजलं नव्हतं.

आता मी कपाटात असते. बाईंकडे नवं यंत्र आलं आहे, त्याचं मला दुःख नाही. दुःख याचं, की मला सगळं दिसलं होतं, बाईंनी ते सांगितलंही होतं, तरी एक माणूस आमच्यासमोरून अंधारात गेला.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी चालताना दाराच्या चौकटीला धडकू लागलं, तर त्याची टिंगल करू नका. समोरचं नीट दिसतं म्हणून तो आपणहून यायचा नाही. त्याला डॉक्टरांकडे आणा, अजून तो आपल्या पायांनी चालत येतो आहे तोवर.